काशीवास आणि इच्छामरण

काशीस जाणे आणि काशीवास करणे हे दोन शब्दप्रयोग आपल्या भाषेत वेगवेगळे आहेत. काशीस जाणारा मनुष्य गंगेची कावड घेऊन परत येतो, मावंदे घालतो आणि पुन्हा आपल्या संसारास लागतो. काशीवासास निघालेला मनुष्य परत येण्यासाठी निघत नाही. तो घरची निरवानिरव करतो, देणेघेणे मिटवितो, मुलाबाळांचा निरोप घेतो आणि मरण येईल तोपर्यंत गंगेच्या काठी राहावयाचे, असा निश्चय करून वाट धरतो. असे कितीतरी वृद्ध स्त्रीपुरुष कोकणातून, देशावरून, विदर्भातून शतकानुशतके या नगरीत आले. ब्रह्माघाट, दुर्गाघाट आणि पंचगंगा या भागांतील मराठी वस्ती त्यांच्यापैकी अनेकांचा शेवटचा आसरा झाली. त्यांनी मृत्यूची इच्छा केली होती काय? केली असेल, तर ती आत्महत्येची इच्छा होती काय? हा प्रश्न वाटतो तितका कोरडा नाही. आज आपल्या देशातील न्यायालये, डॉक्टर आणि रुग्णाच्या उशाशी बसलेली असंख्य कुटुंबे ज्या वादात गुंतली आहेत, त्या वादाची एक जुनी वाट याच नगरीतून गेली आहे; आणि ती मळविणाऱ्यांत एक थोर मराठी पंडित होता.

प्रथम शब्दांचा विचार केला पाहिजे, कारण या वादात निम्मा गोंधळ शब्दांनीच केला आहे. युरोपीय भाषांत 'युथनेशिया' हा जो शब्द रूढ आहे तो मूळचा ग्रीक असून त्याचा अर्थ केवळ 'चांगले मरण' एवढाच होतो. रोमन चरित्रकार सुएटोनियस याने सम्राट ऑगस्टस याच्या अंतकाळाचे वर्णन करताना तो योजिला आहे. आणि तेथे कोणी कोणास मारल्याची गोष्टच नाही. सम्राटास पत्नीच्या सहवासात, यातनांवाचून जे मरण आले, ते तो आयुष्यभर ज्याची इच्छा करीत असे तेच चांगले मरण होते. असाध्य रुग्णाचा प्राण दुसऱ्याने घेणे हा अर्थ त्या शब्दास अर्वाचीन काळात चिकटला. मराठीत आपण त्यासाठी दोन शब्द वापरतो: इच्छामरण आणि दयामरण. वस्तुतः या दोहोंत मोठे अंतर आहे. इच्छामरण हे भीष्माचार्यांस मिळालेले वरदान होय. तेथे इच्छा मरणाऱ्याची आहे. दयामरणात दया दुसऱ्याची असते, आणि ज्याच्यावर ती करावयाची त्याची इच्छा कोणी विचारली होती किंवा नाही, याचा त्या शब्दात पत्ताच लागत नाही.

आता त्या पंडिताकडे वळू. पैठणचे रामेश्वरभट्ट आपले कुटुंब घेऊन काशीस येऊन राहिले. त्यांचे पुत्र नारायणभट्ट यांचा जन्म १५१३ सालचा. पुढे त्यांच्या विद्वत्तेचा दबदबा एवढा वाढला की लोक त्यांस जगद्गुरू म्हणू लागले, आणि तोडरमल्लाच्या साहाय्याने विश्वेश्वराचे मंदिर पुन्हा उभारण्याचे श्रेय परंपरा त्यांसच देते. 'निर्णयसिंधु' लिहिणारे कमलाकरभट्ट हे त्यांचे नातू आणि १६७४ साली रायगडावर शिवछत्रपतींचा राज्याभिषेक करविणारे गागाभट्ट हे त्यांचे पणतू. प्रयाग, काशी आणि गया या तीन तीर्थांच्या विधींवर त्यांनी 'त्रिस्थलीसेतु' नावाचा ग्रंथ रचला. त्यातील प्रयागाच्या प्रकरणात त्यांच्यापुढे एक बिकट प्रश्न आला. श्रुती सांगते की स्वर्गाच्या लोभाने आयुष्य सरण्यापूर्वी कोणी मरू नये. आणि पुराणे तर संगमावर देह टाकणाऱ्याची स्तुती करतात. या दोहोंचा मेळ कसा घालावयाचा?

नारायणभट्टांनी तीर्थावरील देहत्यागाचे दार सर्वस्वी बंद केले नाही. परंतु त्या दाराशी त्यांनी जो पहारा बसविला तो आजही विचार करण्याजोगा आहे. ज्याच्या घरी म्हातारे आईबाप आहेत, जिचे पोषण आपल्यावाचून होणार नाही अशी तरुण पत्नी आहे, लहान मुले आहेत, त्यास हा मार्ग खुला नाही. गर्भवती स्त्रीस नाही, जिची मुले लहान आहेत तिला नाही. मनुष्याचा देह त्याचा एकट्याचा नसून त्यावर अवलंबून असणाऱ्यांचाही त्यावर हक्क आहे, ही दृष्टी या अटींच्या मुळाशी आहे. ज्या काळी तीर्थमाहात्म्यांच्या कथांनी भाबड्या यात्रेकरूंची मने भारली जात असतील, त्या काळी एका धर्मशास्त्रकाराने मरू पाहणाऱ्यास 'घरी कोण आहे?' असा प्रश्न विचारावा, ही साधी गोष्ट नव्हे.

धर्मशास्त्रात याहूनही जुनी अशी एक तरतूद आढळते. अत्रिस्मृतीत आणि नंतरच्या निबंधग्रंथांत असा विचार येतो की, जो अतिवृद्ध आहे, ज्यास शौचाचेही भान उरलेले नाही, ज्यावर उपचार करण्याचे वैद्यांनी सोडून दिले आहे, त्याने स्वतः होऊन देह ठेवला तर तो आत्मघातकी मानला जात नाही. त्याचे तीन दिवसांचे अशौच पाळावे आणि त्याचे श्राद्धही करावे. वाचकांनी यातील वैद्यांविषयीच्या अटीकडे विशेष लक्ष द्यावे. पुढे कलिवर्ज्यांची जी यादी झाली, तीत वृद्धांचे कड्यावरून अथवा अग्नीत पडून मरणे हेही या युगास निषिद्ध म्हणून घातले गेले. म्हणजे शास्त्राने एका काळी जी मुभा दिली होती ती दुसऱ्या काळी काढून घेतली. मुंबईच्या हायकोर्टात वकिली केलेले आणि १९६३ साली भारतरत्न झालेले महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांनी आपल्या 'धर्मशास्त्राचा इतिहास' या विशाल ग्रंथात हा सर्व पुरावा एकत्र मांडला आहे. तो वाचणारास एवढे निश्चित कळते की, या विषयावर आपल्या पूर्वजांचे एकमत कधीच नव्हते. 'आमची संस्कृती आत्मत्यागास पवित्र मानते' असे म्हणणारा आणि 'आमची संस्कृती त्यास महापाप मानते' असे म्हणणारा, असे दोघेही अर्धेच बोलतात.

प्रयागाची चर्चा अशी असताना काशीची गोष्ट थोडी निराळी आहे. मत्स्यपुराणात काशीक्षेत्रातील अग्निप्रवेशाची आणि अनशनाची स्तुती आहे, आणि काशीकरवतीची आख्यायिकाही या नगरीच्या गल्लीत अद्याप सांगितली जाते. तथापि काशीचा मुख्य सिद्धांत याच्या उलट दिशेने जातो. येथे नुसते मरण आले तरी पुरे. प्रत्यक्ष विश्वनाथ मरणाऱ्याच्या कानात तारकमंत्र सांगतो, अशी श्रद्धा आहे. ज्या गावी साध्या मरणाने मुक्ती मिळते तेथे मरण ओढून आणण्याचे प्रयोजनच काय? म्हणून काशीचा खरा आचार प्राणत्यागाचा नसून प्रतीक्षेचा आहे. काशीवासी मनुष्य मृत्यूस बोलावीत नाही; तो त्याच्यासाठी दार उघडे ठेवतो. या एका भेदात आमच्या मते साऱ्या वादाचे मर्म साठविलेले आहे.

मात्र दार उघडे ठेवणे आणि बाहेर ढकलणे यांतील सीमारेषा किती पुसट असू शकते, हेही याच गंगेच्या काठी दिसून आले. बंगालमध्ये मरणासन्न माणसास नदीवर नेऊन त्याचे अर्धे शरीर पाण्यात ठेवावयाची 'अंतर्जली' नावाची चाल होती. श्रद्धेने केलेल्या या विधीत कधी मृत्यूची वाट पाहिली जाई, तर कधी तो घाईने घडविला जात असल्याचा आक्षेपही त्या काळी घेतला गेला. सतीच्या चालीचा, जी १८२९ साली बंगाल प्रांतात कायद्याने बंद झाली, इतिहासही हेच सांगतो. 'ती स्वेच्छेने जाते' हे वाक्य उच्चारणारे पुष्कळदा तिचे दायाद असत. इच्छा कोणाची आणि लाभ कोणाचा, हे विचारल्यावाचून पवित्र मरणाचे गोडवे गाणे किती घातक होते, ते येथे कळून येते. १८६० साली जेव्हा भारतीय दंडसंहिता तयार झाली, तेव्हा तीत आत्महत्येचा प्रयत्न हा कलम ३०९ अन्वये एक वर्षापर्यंतच्या साध्या कैदेस पात्र असा गुन्हा ठरला, आणि त्यास साहाय्य करणाऱ्याविरुद्ध कलम ३०६ आले. इंग्रजांच्या कायद्याने काशीवास आणि आत्मघात यांतील फरक सांगण्याच्या फंदात पडू नये, हे साहजिकच होते.

काशीवास मात्र चालूच राहिला, आणि विसाव्या शतकात त्यास संस्थेचे रूप आले. अस्सीजवळचे मुमुक्षुभवन १९२०च्या दशकातले. तेथे वृद्ध माणसे आणि दंडी संन्यासी वर्षानुवर्षे राहतात. गोदौलिया भागातील काशीलाभ मुक्तिभवन १९५८ साली दालमिया घराण्याच्या धर्मादायातून सुरू झाले, आणि त्याची रीत अगदी वेगळी. दहा-बारा साध्या खोल्या. ज्याचा अंत जवळ आला आहे त्यास घेऊन नातलगांनी यावयाचे. राहण्याची मुदत साधारणतः दोन आठवडे. आणि तेवढ्यात मृत्यू न आल्यास सामान्यतः घरी परतावयाचे. डॉक्टर नाही, सलाईन नाही. आहे ते भजन, कीर्तन, गंगाजल, तुळशीचे पान आणि जवळच्या माणसांची सोबत. कोण आला, कधी आला आणि कधी गेला, याची नोंद वहीत होते. हजारो माणसांची अखेर या वहीत लिहिली गेली आहे. मुक्तिभवनात मृत्यू घडविण्यासाठी कोणी काही करीत नाही. केवळ त्यास अडविण्यासाठी जे करावयाचे ते थांबविलेले असते. या गोष्टीस गेल्या काही वर्षांत कायद्याच्या भाषेत जे नाव मिळाले आहे, ते त्या वहीत लिहिणाऱ्यांच्या मनातही कधी आले नसेल.

ते नाव कायद्यापर्यंत कसे पोहोचले, ही कथा मुंबईपासून सुरू होते. एका पोलीस शिपायास अपघातानंतर मानसिक व्याधी जडली, त्याने स्वतःस पेटवून घेण्याचा प्रयत्न केला आणि त्याच्यावर कलम ३०९ खाली खटला भरला गेला. १९८६ साली मुंबई उच्च न्यायालयाने हे कलमच घटनाबाह्य ठरविले. जो जगण्यास कंटाळला आहे त्यास तुरुंगाचे भय दाखविणे व्यर्थ आहे; त्यास उपचाराची गरज आहे, असा या निकालाचा रोख होता. त्याच निकालात न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी एक भेद स्पष्ट केला: आत्महत्या ही स्वतःची कृती आहे, दयामरणात दुसऱ्याचा हात येतो आणि ती मनुष्यहत्याच ठरते. १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाने कलम ३०९ विषयीची ही भूमिका मान्य केली. परंतु १९९६ साली पाच न्यायाधीशांच्या पीठाने ज्ञान कौर खटल्यात ती फिरविली. जगण्याच्या हक्कात मरण्याचा हक्क येत नाही, असे त्या पीठाने सांगितले. पण त्याच वेळी एक दार किलकिले ठेवले: आयुष्याची स्वाभाविक अखेर आली असताना ती सन्मानाने होऊ देणे हा सन्मानाने जगण्याचाच भाग आहे. काशीवासाचे तत्त्व न्यायालयाच्या भाषेत सांगावयाचे झाले तर याहून वेगळे काय सांगणार?

या मधल्या काळात कायद्याने ज्याच्याकडे डोळेझाक केली, अशी दोन उदाहरणे मराठी वाचकांस ठाऊक आहेत. १९६६ च्या फेब्रुवारीत स्वातंत्र्यवीर सावरकरांनी औषध, अन्न आणि पाणी सोडले आणि २६ फेब्रुवारीस त्यांचे निधन झाले; आत्महत्या आणि आत्मार्पण यांत भेद करणारा लेख त्यांनी आधीच लिहून ठेवला होता. दुसरे आचार्य विनोबा भावे. १९१६ साली घर सोडून ते काशीस आले होते, येथे काही महिने राहिले होते आणि येथूनच गांधीजींकडे गेले. १९८२ च्या नोव्हेंबरात पवनारला आजारपणात त्यांनी औषध व अन्न नाकारले आणि १५ तारखेस देह ठेवला. एकमेकांपासून इतके दूर असलेले हे दोन पुरुष अखेरीस एकाच वाटेने गेले. त्यांच्या उशाशी पोलीस आले नाहीत. याचा अर्थ असा की, समाजाच्या मनात हा भेद जिवंत होता. दंडसंहितेत मात्र त्याला जागा नव्हती. पण थोर पुरुषास जी मोकळीक लाभते ती एखाद्या अनाम शिपायास का लाभू नये, हा प्रश्न त्यातून उरतोच.

या दोघांनी आपला निर्णय आपल्या तोंडाने सांगितला. ज्यास बोलताच येत नाही त्याचे काय? अरुणा शानबाग या मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तेथीलच एका सफाई कामगाराने त्यांच्यावर अमानुष हल्ला केला, मेंदूस प्राणवायू मिळाला नाही, आणि त्या पुढची एकेचाळीस वर्षे त्याच रुग्णालयात अंथरुणावर होत्या. लेखिका पिंकी विराणी यांनी त्यांच्या वतीने सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला की, आता त्यांस बळेच अन्न भरविणे थांबवावे. ७ मार्च २०११ रोजी न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू आणि न्यायमूर्ती ज्ञानसुधा मिश्रा यांनी निकाल दिला. तत्त्व म्हणून त्यांनी उपचार काढून घेण्यास, उच्च न्यायालयाच्या परवानगीने, मान्यता दिली; परंतु अरुणाबाईंच्या बाबतीत अर्ज फेटाळला. कारण असे की त्यांच्या खऱ्या आप्त म्हणजे इतकी वर्षे त्यांची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिका, आणि त्या म्हणत होत्या की ती जगावी. १८ मे २०१५ रोजी अरुणाबाई न्यूमोनियाने वारल्या. एकीकडे करुणेने मरण मागणारी स्त्री आणि दुसरीकडे करुणेनेच जगविणाऱ्या स्त्रिया. दोहोंपैकी कोणाचीही करुणा खोटी नव्हती. पण जिच्यासाठी हे सारे चालले होते तिचा शब्द मात्र कोणापाशी नव्हता. दयामरण या शब्दाची जी उणीव आम्ही आरंभी सांगितली, ती येथे प्रत्यक्ष देह धरून उभी राहिली.

ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न ९ मार्च २०१८ रोजी झाला. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला, आणि शुद्धीवर असताना मनुष्याने आपली इच्छा आधीच लिहून ठेवावी, यास मुभा दिली. या लेखास वैद्यकीय इच्छापत्र म्हणता येईल. आरंभी त्यावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागे. ती अट इतकी जाचक ठरली की २०२३ च्या जानेवारीत न्यायालयानेच ती काढून टाकली. आता नोटरी अथवा राजपत्रित अधिकारी पुरतो. रुग्णालयातील तीन डॉक्टरांचे एक मंडळ आणि बाहेरच्या डॉक्टरासह दुसरे मंडळ अशा दोघांची सहमती झाली, तरच उपचार थांबतात. विष टोचून प्राण घेणे मात्र भारतात आजही गुन्हाच आहे. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंडसंहितेच्या जागी भारतीय न्यायसंहिता आली, आणि तीत कलम ३०९ सारखा सरसकट गुन्हा उरलेला नाही.

एवढ्याने वाद संपला असे मात्र नाही. मिनू मसानी यांनी १९८१ साली मुंबईत सन्मानाने मरण्याच्या हक्कासाठी संस्था काढली, तेव्हापासून विचारला जाणारा प्रश्न आजही उभा आहे: ज्याच्या यातना कोणत्याही औषधाने शमत नाहीत, त्यास केवळ वाट पाहावयास सांगणे ही दया की क्रूरता? नेदरलँड्स आणि बेल्जियम या देशांत २००२ साली अमलात आलेल्या कायद्यांनी डॉक्टरास मृत्यू घडविण्याचीही मुभा दिली. तेथील युक्तिवाद हलका नाही. श्वसनयंत्र काढणाऱ्याचा आणि सुई टोचणाऱ्याचा हेतू एकच असेल तर नीती दोघांत भेद कसा करणार, असे ते विचारतात. आम्हांस या प्रश्नाचे उत्तर तर्कशास्त्रात सापडत नाही. ते आमच्या समाजस्थितीत सापडते. जेथे एका आजाराच्या खर्चात घर बुडते, जेथे वेदना शमविणारे उपचार खेड्यापर्यंत पोहोचलेले नाहीत, जेथे म्हातारी स्वतःच म्हणते की 'माझ्यापायी मुलांचे हाल नकोत', तेथे तिची ती इच्छा खरोखर तिची आहे काय? अंतर्जलीच्या आणि सतीच्या इतिहासाने हाच प्रश्न आपल्यापुढे ठेवला आहे. तो अनुत्तरित असताना सुईची मुभा देणे आम्हांस धोक्याचे वाटते.

आणि हाच प्रश्न आम्ही काशीवासासही विचारला पाहिजे. नाहीतर आमचे बोलणे श्रद्धेच्या आड लपल्यासारखे होईल. मुक्तिभवनात आलेला वृद्ध स्वतःच्या इच्छेने आला, की मुलाने गाडीत घालून आणला? काशीत टाकून दिलेल्या विधवांची कहाणी या नगरीस नवीन नाही. काशीवास हा ज्याने मागितला त्याच्यासाठीच मुक्ती आहे. ज्याच्यावर तो लादला गेला त्याच्यासाठी ती हद्दपारी आहे. दोन्हीही एकाच घाटावर घडतात, आणि बाहेरून पाहणारास ती सारखीच दिसतात.

म्हणून नारायणभट्टांच्या पहाऱ्याची आम्हांस आज पुन्हा आठवण होते. त्यांनी मरू पाहणाऱ्यास विचारले, 'तुझ्यावाचून कोणाचे अडेल?' आजचा कायदा डॉक्टरांस विचारतो, 'याचा आजार बरा होईल काय?' दोन्ही प्रश्न आवश्यक आहेत. पण तिसरा प्रश्न विचारल्यावाचून ते अपुरे आहेत. तो प्रश्न भोवतालच्या आप्तांस विचारावयाचा आहे: 'याने जगावे म्हणून जे करणे शक्य होते, ते तुम्ही केलेत काय? आणि याची इच्छा तुम्ही कधी, त्याच्याजवळ बसून, त्याच्या तोंडून ऐकली काय?' हा प्रश्न कोणतेही न्यायालय विचारू शकत नाही. तो घरातच, मनुष्य बोलता असताना, विचारावा लागतो.

परप्रांती राहणाऱ्या आम्हां मराठी माणसांपुढे तर तो अधिकच तातडीने येतो. आमचे आईबाप एका गावी असतात, आम्ही दुसऱ्या, आणि आमची मुले तिसऱ्या देशी. अखेरच्या क्षणी दूरध्वनीवरून कोणीतरी डॉक्टर विचारतो, 'यंत्र चालू ठेवावयाचे काय?' आणि ज्यास उत्तर द्यावयाचे त्यास आपल्या वडिलांची इच्छा ठाऊकच नसते. पूर्वीचा काशीवासी मनुष्य निघण्यापूर्वी चार माणसांदेखत निरवानिरव करीत असे. कोणास काय द्यावयाचे, आपले क्रियाकर्म कोणी करावयाचे, हे तो स्वतः सांगून जाई. ती रीत आपण जुनाट म्हणून सोडून दिली. न्यायालयाने आज ज्या कागदास मान्यता दिली आहे तो त्याच निरवानिरवीचा कागद आहे. तो लिहावयास काशीस जाण्याची गरज नाही. मात्र तो लिहिणारास, मरण येणार आहे ही गोष्ट आपल्या माणसांसमोर मोठ्याने बोलण्याचे धैर्य हवे. ते धैर्य मणिकर्णिकेच्या पायऱ्यांवर बसलेल्या त्या जुन्या मराठी म्हाताऱ्यांपाशी होते.